एका वर्षाची कॉलर

जूनच्या शेवटी किंवा जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात तालुक्याच्या गावातल्या एखाद्या बऱ्यापैकी मंगल कार्यालयात डोकावलं, तर एक समारंभ हमखास पाहायला मिळतो. मखमली पट्ट्यावर पितळी बिल्ले टाचलेली एक माळ व्यासपीठावर एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात जाते. क्लबात तिला 'कॉलर' म्हणतात. जुने अध्यक्ष मान खाली घालून ती काढतात, नव्या अध्यक्षांची बायको मोबाइल सरसावते, घंटा वाजते, आणि मागच्या रांगेत शेजारी बसलेला माणूस आपल्या कानाशी येऊन म्हणतो, "झालं. आता ह्यांचं वर्ष. गेल्या वर्षीचं सगळं बासनात."

सेवाभावी क्लबांबद्दलचं आपल्याकडचं सर्वमान्य मत या तीन वाक्यांत आलं. मी अशा एका क्लबात सोळा वर्षं आहे. खजिनदारकी तीनदा केली, सचिवकी दोनदा, आणि एकदा ती कॉलरही घातली. हे मत मी पत्रकारांकडून ऐकलंय, शाळामास्तरांकडून ऐकलंय आणि सर्वांत जास्त क्लबाच्याच सभासदांकडून, जेवणाच्या रांगेत ताट हातात धरून ऐकलंय. थोड्या विस्ताराने मांडायचं तर ते असं: ज्याला काम जमू लागलं त्याला वर्षात उठवता आणि ज्याला कामाची ओळख नाही त्याला बसवता. नव्याचे चार महिने शिकण्यात, दोन डिस्ट्रिक्ट गव्हर्नरच्या व्हिजिटच्या तयारीत, दोन निरोपाच्या हारांत. उरलेल्या चारांत तो स्वतःच्या नावाचा एक प्रकल्प काढतो आणि आधीच्याचा वाऱ्यावर सोडतो. म्हणून एखादा खमका माणूस बघा, दहा वर्षं कारभार त्याच्या हाती द्या, मग सेवा म्हणजे काय ते दिसेल.

पूर्वपक्ष तगडा आहे हे आधी कबूल करतो. तो नुसता कट्ट्यावरचा नाही, त्याच्यामागे महाराष्ट्राची पुण्याई उभी आहे. डेक्कन एज्युकेशन सोसायटी १८८४ साली निघाली ती आजीव सभासदांच्या जिवावर. कर्व्यांनी १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम काढला आणि पुढचं आयुष्य त्या कामातच घातलं. भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था सुरू केली, तीही संसार पणाला लावून. 'वाहून घेणं' हा आपला समाजसेवेचा मापदंड झाला तो अशा माणसांमुळे. त्या मापाने मोजलं तर मेडिकलचं दुकान साडेनऊला बंद करून मीटिंगला येणारा आमचा अध्यक्ष हास्यास्पदच ठरतो.

पण माप कशाचं आणि कशाला लावतोय? गोखल्यांनी भारत सेवक समाज स्थापन केला १२ जून १९०५ रोजी. त्याच्या आधी चार महिन्यांच्या आत, २३ फेब्रुवारी १९०५ ला, शिकागोत पॉल हॅरिस नावाच्या वकिलाने तीन ओळखीच्यांना एकत्र बसवलं. एक खाणींचा अभियंता, एक कोळशाचा व्यापारी, एक शिंपी. तिथून रोटरी निघाली. दोन्ही संस्था एकाच वर्षातल्या, पण जात वेगळी. पुण्यातल्या संस्थेने माणसाकडून आयुष्य मागितलं आणि बदल्यात बेताच्या निर्वाहाची सोय पत्करली. शिकागोतल्या मंडळींनी आठवड्यातली एक बैठक मागितली. सेवाबिवा सुरुवातीला त्यांच्या डोक्यातही नव्हती. अनोळखी शहरात चार मित्र मिळावेत, एकमेकांना गिऱ्हाईक द्यावं, एवढाच हिशेब होता. बैठक आळीपाळीने प्रत्येकाच्या कचेरीत, म्हणून नाव रोटरी. आळीपाळी ही तिथे नंतर घातलेली कलमबाजी नव्हे, नावातच आहे.

आणि आपल्या आजीवांचं तरी काय? डेक्कन एज्युकेशन सोसायटीत गोखल्यांनी पत्करलेली अट होती दरमहा ७५ रुपयांवर वीस वर्षं सेवा. म्हणजे 'आजीव' या शब्दालाही मुदत होती. ती माणसं पूर्णवेळ होती, त्यांची भाकरी, थोडीथोडकी का होईना, त्याच कामातून येत होती. आमच्या क्लबात भाकरी दुकानातून येते. अशा माणसाला दहा वर्षं खुर्ची दिली म्हणून तो कर्वे होत नाही. तो चेअरमन होतो.

आता त्या 'एका वर्षा'कडे जरा निरखून बघू, कारण पूर्वपक्षाचं अर्धं बळ या आकड्यात आहे आणि आकडाच मुळात अपुरा आहे. रोटरीच्या क्लबघटनेप्रमाणे अध्यक्षाची निवड पद हाती घेण्याच्या किमान अठरा महिने आणि जास्तीत जास्त दोन वर्षं आधी करायची असते. निवड झाली की तो 'प्रेसिडेंट नॉमिनी'. पद घेण्याच्या आधीच्या १ जुलैला तो 'प्रेसिडेंट इलेक्ट' होतो आणि प्रशिक्षणाला जातो, ज्याला सगळे 'पेट्स' म्हणतात. मग वर्षभर कॉलर. ती उतरली की पुढचं वर्ष 'आयपीपी', म्हणजे नुकताच माजी झालेला अध्यक्ष, आणि ही जागा संचालक मंडळात असते. हिशेब करा. निवडीपासून मंडळातून बाहेर पडेपर्यंत साडेतीन ते चार वर्षं माणूस कारभाराच्या आसपास असतो. कोणत्याही घटकेला टेबलाभोवती मावळता, चालता, येता आणि बहुधा त्याच्या मागचाही, असे चार अध्यक्ष बसलेले असतात. शिकण्याचे चार महिने वाया जातात म्हणणाऱ्याने अठरा महिन्यांचा हा ओटा पाहिलेलाच नाही. किंवा त्याच्या क्लबात डिसेंबरात करायची निवड जूनमध्ये, कोणाच्या तरी पाया पडून, उरकली जाते. आमच्याकडेही तसं दोनदा झालंय. पण मग तो दोष नियम मोडण्याचा आहे. नियमावर त्याचं खापर कशाला?

शिकागोचीच पुढची गोष्ट या वादात माझ्या बाजूने साक्ष देते. हॅरिसने क्लब काढला, पण पहिला अध्यक्ष तो झाला नाही. झाला तो कोळशाचा व्यापारी, सिल्व्हेस्टर शील. हॅरिसची पाळी आली १९०७ मध्ये, तिसरी. त्याच सुमाराला क्लबाने पहिलं सार्वजनिक काम अंगावर घेतलं, ते म्हणजे नगरभवनाजवळ सार्वजनिक स्वच्छतागृह. काम दिसायला क्षुल्लक, पण विरोध केवढा! आपल्या गुत्त्यांत गिऱ्हाइकाला सोय मिळते हे ज्यांचं भांडवल ते दारूवाले विरोधात, मोठी दुकानं विरोधात. काम तडीस जायला सुमारे दोन वर्षं लागली, आणि तोवर हॅरिसची अध्यक्षाची खुर्ची सुटलेली होती. जगभरातल्या सेवाक्लबांच्या वंशावळीत हे काम पहिल्या पिढीतलं, आणि ते एका अध्यक्षाच्या काळात सुरू होऊन दुसऱ्याच्या काळात संपलं.

स्वच्छतागृहाचा विषय निघालाच आहे तर आमचंही सांगतो, कारण पूर्वपक्षाचा आवडता दाखला तोच आहे. काही वर्षांपूर्वी आम्ही जिल्हा परिषदेच्या एका शाळेत मुलींसाठी स्वच्छतागृह बांधलं. पांढऱ्या टाइल्स, बोअरवरून पाण्याची टाकी, दारांना आतून कड्या. जानेवारीत उद्घाटन झालं, फीत कापली, पेढे वाटले. पुढच्या शैक्षणिक वर्षात दिवाळीच्या आधी मी सहज गेलो तर दाराला कुलूप, आणि कुलपावर गंज धरायला लागलेला. किल्ली कोणाकडे, तर बदली होऊन गेलेल्या शिक्षकाकडे. क्लबात एकच निदान झालं: अध्यक्ष बदलला, म्हणून कुलूप लागलं.

मी तेव्हा खजिनदार होतो. फाइल घरी आणली आणि जेवण झाल्यावर अंदाजपत्रक वाचलं. बांधकाम, टाइल्स, दारं, नळकाम, टाकी, मोटार, रंग, कोनशिला, मंडप, पेढे. पेढ्यांची पावतीसुद्धा जोडलेली होती. सफाई कामगाराचं मानधन त्या कागदात नव्हतं. फिनेल, झाडू, वीजबिल, वर्षातून एकदा मोटार बिघडणार त्याचा खर्च, काहीही नव्हतं. आणि मग आठवलं, की जागा बघायला गेलो तेव्हा मुख्याध्यापिका बाई दारात उभ्या राहून म्हणाल्या होत्या, "बांधून द्याल हो तुम्ही साहेब. पण रोज धुणार कोण?" आम्ही हसलो होतो. "ते बघू," असं आमच्यातलं कोणीतरी म्हणालं होतं. तो मी नव्हतो असं छातीठोकपणे मला सांगता येणार नाही.

म्हणजे ज्या दिवशी कुलूप लागण्याचं नक्की झालं त्या दिवशी अध्यक्ष तेच होते, ज्यांना दहा वर्षं ठेवायला हवं होतं असं लोक म्हणत होते. ते दहा वर्षं राहिले असते तर काय झालं असतं याची मला फारशी शंका नाही. आणखी नऊ शाळांत टाइल्स बसल्या असत्या.

कुलूप निघालं ते वेगळ्या रीतीने. तीन सभासदांवर ते काम सोपवलं: एक हार्डवेअरवाला, एक निवृत्त तलाठी, एक लॅब चालवणाऱ्या ताई. शाळा व्यवस्थापन समितीतल्या दोन आयांना बरोबर घेतलं. सफाईसाठी येणाऱ्या बाईंचं मानधन दर महिन्याच्या पाच तारखेला द्यायचं ठरलं आणि त्यासाठी वार्षिक वर्गणीतून रक्कम बाजूला निघू लागली. ताईंनी शंभर पानी वही घातली. त्यात मोटार कधी जळाली, कोणी भरली, कडी कोणत्या दाराची तुटली, सगळं. त्यानंतर आमच्याकडे चार अध्यक्ष झाले. तिघांपैकी एकही त्यांच्यात नाही. स्वच्छतागृह उघडं आहे.

ही युक्ती माझी नव्हे. रोटरी फाउंडेशनचं 'ग्लोबल ग्रँट' हवं असेल तर प्रकल्प किमान ३०,००० डॉलरचा लागतो, आणि यजमान क्लबाला त्यासाठी तीन जणांची समिती नेमावीच लागते. पैशांच्या खात्यावर दोन सह्या लागतात, कागद निदान पाच वर्षं जपावे लागतात, गावाची गरज आधी तपासून लिहून द्यावी लागते. हे सगळं अध्यक्ष बदलणार हे धरूनच रचलेलं आहे. लाखांच्या कामाला जे बंधन चालतं, ते हजारांच्या कामाला आम्ही लावत नाही, आणि मग घटनेला शिव्या देतो.

मोठा दाखला हवा असेल तर पोलिओचा घ्या. रोटरीने १९७९ मध्ये फिलिपिन्सपासून सुरुवात केली, १९८५ मध्ये 'पोलिओप्लस' जाहीर केलं. १९८८ मध्ये जागतिक आरोग्य संघटना, युनिसेफ, सरकारं यांच्यासोबत जागतिक मोहीम उभी राहिली, तेव्हा १२५ देशांत दरवर्षी साडेतीन लाखांच्या आसपास मुलं या रोगाने पांगळी होत होती. भारतात २००९ सालीसुद्धा ७४१ रुग्ण होते, जगातल्या एकूण रुग्णांच्या जवळपास निम्मे. शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ चा, हावड्यातला. २७ मार्च २०१४ रोजी आपला विभाग पोलिओमुक्त जाहीर झाला. श्रेय एकट्या रोटरीचं नाही, घरोघर फिरलेल्या आरोग्यसेविकांचं ते आधी आहे. पण १९८५ ते २०११ या काळात रोटरीचे जागतिक अध्यक्ष पंचवीसहून अधिक झाले, प्रत्येक जण एका वर्षाचा. प्रत्येकाचं घोषवाक्य वेगळं, प्रत्येकाच्या टायचा रंगही वेगळा. तरी काम सुटलं नाही.

इथे प्रतिपक्षी उठून विचारेल, आणि त्याने विचारावंच: भारतातल्या पोलिओप्लस समितीचं अध्यक्षपद दीपक कपूर यांनी २००१ पासून वर्षानुवर्षं सांभाळलं, ते काय होतं? प्रश्न रास्त आहे. दीर्घ मुदतीची गरज नाही असं मी म्हणतच नाही. मुदत कशाला द्यायची, इतकाच वाद आहे. कपूरांकडे एक काम होतं, त्या कामाला उद्दिष्ट होतं, आणि आकडे दर आठवड्याला दुसरेच लोक मोजत होते. क्लबाची तिजोरी, क्लबाची सभा, नवा सभासद कोण घ्यायचा, पुढचा अध्यक्ष कोण, यातलं काही त्या पदाबरोबर येत नव्हतं. आमच्या ताईंच्या वहीचंही तेच. काम लांब मुदतीने द्या, पण खुर्ची त्याच्याबरोबर देऊ नका.

कारण लांब मुदतीच्या खुर्च्यांचं पीक महाराष्ट्रात काही कमी नाही आणि ते पाहायला लांब जावं लागत नाही. धर्मादाय आयुक्तांच्या कचेरीत एखादा दिवस घालवा. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम २२ प्रमाणे विश्वस्त बदलला की ९० दिवसांत चेंज रिपोर्ट द्यायचा असतो. तहहयात विश्वस्तांच्या संस्थांत तो दिला जात नाही, किंवा दोन गट दोन रिपोर्ट देतात आणि दोन्ही वर्षानुवर्षं सुनावणीला पडून राहतात. शेड्यूल वनच्या उताऱ्यावर स्वर्गवासी झालेल्यांची नावं तशीच. बँक म्हणते उतारा आणा, उतारा म्हणतो मयताची सही आणा. मला माहीत असलेल्या एका संस्थेत एकच अध्यक्ष बावीस वर्षं होते. माणूस खरोखर कर्तबगार, शब्दाला पक्का. ते गेले तेव्हा मुदत ठेवीच्या पावत्या कुठल्या कपाटात आहेत हे सांगणारा कोणी उरला नव्हता. संस्थेची रुग्णवाहिका मागच्या आवारात चाकांपर्यंत गवतात बुडाली आहे. दारावर त्यांचं नाव अजून वाचता येतं.

आळीपाळी ही परकी, साहेबी चाल आहे, आपल्या मातीत ती रुजायची नाही, असंही एक टुमणं अधूनमधून ऐकू येतं. बोलणाऱ्याने बहुधा गावचा सप्ताह पाहिलेला नसावा. अखंड हरिनाम सप्ताहात सात दिवस वीणा खाली टेकत नाही. पण सात दिवस एकच माणूस ती घेऊन उभा राहतो का? वीणेचा पहारा लावलेला असतो, वहीत किंवा फळ्यावर नावं लिहिलेली असतात. पहाटे तीनचा पहारा ज्याच्या वाट्याला येतो तो डोळे चोळत येतो, आधीच्याच्या पाया पडतो, वीणा गळ्यात घेतो आणि मगच आधीचा जागचा हलतो. मधल्या त्या क्षणभरात वीणा दोघांच्या हातात असते. उत्तम विणेकरी सापडलाय, त्यालाच सात दिवस उभा करू, असं म्हणणारा शहाणा अजून कुठल्या गावात निघालेला नाही. आणि नारळी सप्ताहात तर गावच बदलतं. शेवटच्या दिवशी पुढच्या वर्षीचा नारळ दुसरं गाव घेतं. व्यवहारात 'हातात नारळ दिला' म्हणजे माणसाला घालवला. सप्ताहात ज्याच्या हातात नारळ पडला त्याच्या मागे वर्षभराचं काम लागलं. आमच्या क्लबात कॉलर उतरवताना आम्ही पहिल्या अर्थाचा नारळ देतो, ही खरी बोच आहे. मावळत्या अध्यक्षाला शाल, श्रीफळ, मानचिन्ह, आणि दुसऱ्या दिवसापासून त्याला कोणी फोन करत नाही. वीणा मधल्यामध्ये भुईवर पडते ती अशी.

आळीपाळीची तरफदारी करताना एक गोष्ट मात्र झाकता येत नाही. ती ज्यांच्यात फिरते त्यांच्यापुरतीच असते. रोटरीत खुर्ची दरवर्षी फिरली, पण ऐंशीहून अधिक वर्षं फक्त पुरुषांत फिरली. कॅलिफोर्नियातल्या दुआर्ते गावच्या क्लबाने तीन स्त्रियांना सभासद करून घेतलं म्हणून १९७८ मध्ये त्या क्लबालाच संघटनेबाहेर काढलं गेलं. प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं, १९८७ मध्ये निकाल क्लबाच्या बाजूने लागला, आणि १९८९ मध्ये संघटनेने जगभर दार उघडलं. पहिली स्त्री जागतिक अध्यक्ष व्हायला २०२२ उजाडलं. तेव्हा नियम फिरता ठेवला की न्याय आपोआप होतो, अशी भाबडी समजूत माझी नाही. पण दार उघडल्यावर आत आलेल्या माणसाला खुर्ची किती लवकर मिळते, हे मुदतीवर ठरतं. आमच्या क्लबात लॅबवाल्या ताई सभासद होऊन सहा वर्षं झाली आहेत. दहा वर्षांचा खमका माणूस बसवला असता तर त्या अजून हळदीकुंकवाच्या कार्यक्रमाच्या संयोजक असत्या.

मग क्लबांचे प्रकल्प मरतात ते कशाने? माझं उत्तर कोनशिला. एसटी स्टँडवरच्या आटलेल्या पाणपोईकडे एकदा बघा. नळाला तोटी नसते, पण वर काळ्या ग्रॅनाइटवर सोनेरी अक्षरांत अध्यक्ष, सचिव, खजिनदार, प्रकल्पप्रमुख, गव्हर्नर, सगळी नावं शाबूत. त्यावर वर्ष कोरलेलं असतं, आणि ते कोरलं की काम त्या वर्षाचं झालं. पुढच्या अध्यक्षाने ती पाणपोई दुरुस्त केली तर त्याचं नाव कुठे लागणार? वर्षअखेरच्या सायटेशनसाठी, म्हणजे संघटनेच्या गौरवपत्रासाठीही, नवे उपक्रम मोजले जातात. गेल्या वर्षीचा नळ अजून चालतो, ही बातमी कोणत्या रकान्यात भरायची? मी अध्यक्ष असताना मीही एक कोनशिला लावली आहे, आणि ती लावताना मला फार बरं वाटलं होतं. पहिल्या नावाच्या खाली दुरुस्ती करणाऱ्यांसाठी चार ओळी कोऱ्या सोडाव्यात असं एकदा मी सभेत सुचवलं. ग्रॅनाइटवाला म्हणाला, कोऱ्या जागेचेही पैसे पडतील.

गेल्या डिसेंबरात आमच्याकडे नॉमिनीची निवड वेळेवर झाली. तरुण मुलगा, शेतीच्या औषधांचं दुकान आहे. कॉलर त्याच्या गळ्यात पडायला अजून अवकाश आहे. निवडीनंतरच्या रविवारी तो माझ्याकडे आला आणि चालू असलेल्या कामांच्या फायली मागू लागला. ताईंची वही बराच वेळ चाळत होता. मग विचारलं, "काका, शाळेतल्या मोटारीचं वीजबिल कोणाला कळतं?"

त्या मीटरच्या अर्जावर मोबाइल नंबर उद्घाटनाच्या वेळच्या अध्यक्षांचा घातलेला आहे. दर महिन्याला मेसेज अजूनही त्यांनाच जातो. ते आता मुलाकडे नाशिकला असतात. मेसेज आला की ताईंना पाठवतात, आणि खाली न चुकता विचारतात: मोटार चालू आहे ना?

नंबर बदलून घ्यायचा अर्ज त्या मुलाने नेला आहे.